आधी कोणाकडे जाल?

नमस्कार श्रोतेहो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी मुली, आणि आता मुलगेही, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, किंवा बीएस्सी नर्सिंग करून परदेशी नोकरीची तयारी करतायत. अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचं तर एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा पास व्हावीच लागते. तिच्या अभ्यासाबद्दल आज बोलायचंय.

आपल्याला सवय पाठांतराची. व्याख्या, कारणं, लक्षणं. ही परीक्षा मात्र पुन्हा पुन्हा विचारते, की आता तुम्ही काय कराल?

समजा, सकाळची ड्युटी आहे, आधीच्या पाळीच्या नर्सकडून ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, घेऊन झाली. चार पेशंट तुमच्याकडे. एकाचं काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय, दुखणं दहापैकी सहा. एका आजोबांना जुना सीओपीडी, म्हणजे श्वास अडवणारा फुफ्फुसांचा आजार, ऑक्सिजन ९० टक्के. एक मधुमेही बाई, शुगर ५८, घामानं चिंब, हात थरथरतायत. चौथा डिस्चार्जसाठी घाई करतोय. आधी कोणाकडे जाल? पुष्कळ जण ९० आकडा बघून आजोबांकडे धावतात. पण अशा आजारात ८८ ते ९२ बहुधा अपेक्षितच असतं. बाईंची इतकी उतरलेली शुगर मात्र थांबू देणार नाही. त्या शुद्धीवर आहेत, गिळू शकतात, तर लगेच साखरपाणी किंवा फळांचा रस, म्हणजे साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी, आणि १५ मिनिटांनी शुगर पुन्हा तपासायची.

इथे एक पर्याय हमखास असतो : ‘डॉक्टरांना कळवा’. आपल्या वॉर्डात तीच शिस्त असते, म्हणून बोट आपोआप तिकडे जातं. ते निवडण्याआधी बघा, तुमच्या हातातलं काही करायचं राहिलंय का? तपासणं, पेशंटला नीट बसवणं, रक्त चढवताना त्रास झाला तर ते बंद करणं. ते राहिलं असेल तर उत्तर बहुतेक वेळा तेच.

एप्रिल २०२३ पासून या परीक्षेत केस स्टडी आल्या आहेत. एकाच पेशंटवर सहा प्रश्न : कोणती लक्षणं महत्त्वाची, त्यांचा अर्थ काय, सगळ्यात आधी कशाचा धोका, उपाय कोणते, त्यातलं काय करायचं, पेशंटला गुण आला का. घाबरू नका, हे तुम्ही करता. जुलैत लावणी करणारा माणूस ताप घेऊन येतो, पोटऱ्या दुखतायत, डोळे लाल, लघवी कमी. रिपोर्ट यायच्या आधीच लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या पावसाळी तापाची, शंका तुमच्या मनात येते ना? तोच विचार कागदावर पायरी पायरीनं मांडायचा सराव करा.

रोज दोनशे प्रश्न सोडवल्याचं मुली अभिमानानं सांगतात. माझं मत वेगळं आहे. पन्नासच सोडवा, पण चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाबद्दल वहीत लिहा, की का चुकलं. माहितीच नव्हती? प्रश्नातला ‘आधी’ किंवा ‘सोडून’ हा शब्द निसटला? की दोन पर्यायांत अडकलात? पहिल्याला पुस्तक लागतं, दुसऱ्याला सावकाश वाचन, तिसऱ्याला स्पष्टीकरण पुन्हा वाचणं. अंदाजानं बरोबर आलेलेही याच वहीत लिहा.

मदतनिसाला कोणतं काम सोपवायचं, हा विषय आपल्याकडे कच्चा राहतो. स्थिर पेशंटला भरवणं, चालवणं, बीपी घेणं सोपवता येतं. पेशंटचं मूल्यमापन आणि त्याला शिकवणं नर्सचंच काम. औषधांची तिकडची नावंही पाठ हवीत : पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल.

प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. तुमच्या उत्तरांप्रमाणे कॉम्प्युटर पुढचा प्रश्न निवडतो, म्हणून प्रश्न कठीण वाटले तर खचू नका. ८५ प्रश्नांवरच परीक्षा संपली म्हणून नापास झालात असंही नाही.

घरच्यांना एक विनंती. नाईट करून आलेल्या मुलीला आधी झोपू द्या, मग अभ्यासाला बसू द्या. आणि मुलींनो, अर्जातलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. परीक्षा मुंबईत आणि तारीख पावसाळ्यातली असेल, तर त्याच दिवशीच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशीच मुंबई गाठा. नमस्कार.