अभंगातून घडलेली उपासना

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचे अहमदनगर. या शहरातील आणि जिल्ह्यातील राहुरी, वडाळा यांसारख्या गावांतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेला आजही ‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक उघडले जाते आणि वडीलधारी माणसे पुस्तकाकडे न पाहता अभंगाच्या चालीवर गीत म्हणतात. त्याच वेदीजवळ आता कीबोर्ड आणि गिटारही असते, पडद्यावर शब्द उमटतात आणि तरुण संघ हिंदी किंवा इंग्रजी गीत सुरू करतो. बापजाद्यांचे गीत मागे पडत चालले, अशी ज्येष्ठांची खंत आहे. त्या गीतांतील शब्द आम्हांला कुणी समजावूनच दिले नाहीत, असे मुले म्हणतात. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. म्हणूनच ज्याला आपण जुने म्हणतो ते गीत मुळात कुठून आले, हे पाहिले पाहिजे.

अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. त्यांच्याबरोबर उपासनेची पद्धत आली आणि पाश्चात्त्य चालीही आल्या. त्या चालींत बसवलेल्या भाषांतरित गीतांत मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ ओढले जात आणि अर्थ पोहोचण्याआधीच ओळ संपून जाई. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी ही उणीव ओळखली होती. ज्या श्रोत्यांच्या कानांवर पिढ्यान्‌पिढ्या टाळ-मृदंग पडत आला, त्यांना शुभवर्तमानही त्याच नादातून सांगावे, असा त्यांचा सरळ विचार होता.

नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा चित्पावन कवी नगरला येऊन राहिला. तेथील पाळकांच्या, म्हणजे धर्मोपदेशकांच्या, विद्यालयात त्यांनी शिकवले आणि पुढे ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन केले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, अशी त्यांची भूमिका होती, आणि त्यांनी लिहिलेल्या गीतांत ती जागोजागी दिसते. तेथे ख्रिस्त माउली होतो, गुरू होतो, सखा होतो. धर्म बदलला म्हणून मायबोलीतील भक्तीचा वारसा टाकून द्यायचा नसतो, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर गाऊन दाखवले. आज ज्येष्ठ मंडळी जिवापाड जपतात ती गीते त्यांच्या काळात अगदी नवी होती.

पूर्वजांचा गौरव करताना आपण बहुधा कवीपाशी थांबतो. मला टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंपाशी अधिक वेळ थांबावेसे वाटते. पतीच्या धर्मांतरानंतर त्या काही वर्षे दूर राहिल्या, परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळेओवळे सांभाळले आणि मग स्वतःच्या विचाराने ते सोडले. देवाने माणसांत उच्चनीच केलेले नाही, हे पटल्यावर कुणाच्याही हातचे पाणी पिण्याचा निश्चय त्यांनी केला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रपर काव्य पुढे त्यांनीच पूर्ण केले. त्यांच्या आगेमागे खेडोपाडी महार आणि मांग समाजांतील शेकडो कुटुंबांनी गावाचा रोष पत्करून हाच विश्वास धरला होता. त्यांतील बहुतेकांची नावे कुठल्याही पुस्तकात नाहीत, पण नगर जिल्ह्यातील मंडळ्या मुख्यतः त्यांच्याच धैर्यावर उभ्या राहिल्या, आणि स्मरणाच्या उपासनेत त्यांचा उल्लेख आधी व्हावा, असे मला मनापासून वाटते.

टिळक स्वतः घडवलेल्या चौकटीतही थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्तभक्त ज्यात बंधुभावाने एकत्र येतील, असा तो समाज त्यांना हवा होता. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि ते काम अर्धेच राहिले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च-संघटनांच्या एकीकरणातून उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली, तेव्हाही आपली जुनी ओळख पुसली जाईल, ही धास्ती अनेकांनी बाजूला ठेवलीच होती.

आजच्या तरुणांनी गिटार हाती घेतली, यात पूर्वजांचा अवमान नाही. मराठी गीताचा अर्थच कळेनासा होणे, हे मात्र खरे नुकसान आहे, आणि त्याची जबाबदारी मुलांइतकीच मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचमंडळाची आणि घरातील वडिलांची आहे. छापील पुस्तकात शब्द टिकतात, चाली टिकत नाहीत. त्या ज्यांच्या कंठात आहेत त्यांचे वय होत आहे. प्रत्येक मंडळीच्या तरुण संघाने या वर्षी अशा आजी-आजोबांना सोबत बसवून त्यांच्या चाली ध्वनिमुद्रित कराव्यात, गीतातील कठीण शब्दांचे अर्थ विचारून लिहून घ्यावेत आणि मग त्याच गीतांना आपली वाद्ये लावावीत. त्यासाठी लागणारा मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे.