पेरुनचा 'क' कुठं गेला?

नमस्कार श्रोतेहो. पेरुन म्हणजे पूर्व युरोपातल्या जुन्या स्लाव लोकांचा गडगडाटाचा देव. त्याच्या नावातल्या हरवलेल्या 'क'चा माग ओकच्या झाडापासून काढू. लॅटिनमध्ये ओकच्या झाडाला 'क्वेर्कुस' म्हणतात. हिमालयातला बांज याच कुळातला. लॅटिन, संस्कृत, स्लाव यांच्या सामायिक मूळ भाषेत मात्र हा शब्द 'प'चा, 'पेर्क्वुस'सारखा. लॅटिनची खोडच ती: पुढं 'क्व' असला की सुरुवातीच्या 'प'चाही 'क्व' करायचा. आपलं पाच, संस्कृतातलं पञ्च, तिथं 'क्विंक्वे' होतं. 'प'चा 'क्व', एवढं ध्यानात ठेवा.

लिथुएनियात गडगडाटाचा देव पेर्कूनास. बरेच अभ्यासक त्याचं नाव याच ओकशी जोडतात. इथवर ठीक, 'क' जागेवर आहे. पण ऋग्वेदातला पावसाचा देव पर्जन्य घ्या, त्याचंही नाव यांच्याशी जोडतात. 'क' हवा तिथं 'ज'! (हवामानाच्या बातम्यांतलं 'पर्जन्यमान' मला कधी रुचलं नाही. पाऊस किती पडला ते सांगा ना सरळ. असो.) आणि स्लाव लोकांचा पेरुन, त्याचा तर 'क' गायबच. पुन्हा सांगतो, पर्जन्यात 'ज', पेरुनमध्ये काहीच नाही.

या पेरुनची गोष्ट ऐकाच. कीव्हचा राजा व्लादिमीर यानं ९८० साली वाड्याबाहेरच्या टेकडीवर त्याची मूर्ती बसवली. अंग लाकडाचं, डोकं चांदीचं, मिशा सोन्याच्या! पुढं ९८८ मध्ये राजा ख्रिस्ती झाला आणि देवाचे ग्रह फिरले. मूर्ती घोड्याच्या शेपटीला बांधून उतारावरून फरफटत नेली. वर बारा माणसं दांडक्यांनी बडवायला. जुना बखरकार लगेच खुलासा करतो: लाकडाला लागावं म्हणून नव्हे, आतल्या सैतानाची अब्रू जावी म्हणून. लोक रडत होते. मूर्ती नीपर नदीत लोटली. राजाचा हुकूम होता, काठाला लागली तर पुन्हा ढकला, खडकाळ धारा ओलांडेपर्यंत काठाला टेकू देऊ नका. धारा ओलांडल्या, माणसांनी सोडून दिली, आणि वाऱ्यानं ती पुळणीवर नेऊन टाकली. त्या जागेला नाव पडलं पेरुनची पुळण. सोन्याच्या मिशा कोणी लांबवल्या, यावर बखरकार गप्प!

तर तो 'क'. काहींच्या मते स्लाव भाषांत 'पेर्' म्हणजे हाणणं, वीज हाणतो तो पेरुन. म्हणजे 'क' मुळात नव्हताच, ओकशी नातंही नाही. दुसरे म्हणतात, देवाच्या धाकानं लोकांनी नाव मुद्दाम मोडून घेतलं, आपण रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो तसं. पेरुनपुरतं मला पहिलं पटतं. पर्जन्याच्या 'ज'साठी मात्र धाकाचंच कारण जवळचं वाटतं.