द स्मिथ्स: चौघांचा बँड, दोघांच्या सह्या

श्रोतेहो, नमस्कार. १९८२ साली मँचेस्टरमधला अठरा वर्षांचा एक गिटारवादक, जॉनी मार, एका मित्राला सोबत घेऊन स्ट्रेटफर्डमधल्या एका घराचं दार ठोठावतो. आत स्टीव्हन मॉरिसी. वयाने चार-पाच वर्षं मोठा, हाताला काम नाही, पुस्तकांत बुडालेला. मारकडे चाली होत्या, मॉरिसीकडे शब्द. दोघांचं तिथेच जमलं. माइक जॉइस ड्रम्सवर आला, पुढे मारचा शाळेपासूनचा दोस्त अँडी रूर्क बास गिटार घेऊन आला. नाव ठेवलं 'द स्मिथ्स'. इंग्लंडमध्ये गल्लोगल्ली सापडेल असं आडनाव.

सिंथेसायझर आणि रंगीबेरंगी पोशाखांचा तो जमाना. नोव्हेंबर १९८३मध्ये बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये हे चौघे 'धिस चार्मिंग मॅन' घेऊन आले. मॉरिसीच्या हातात ग्लॅडिओलसची फुलं, आणि पठ्ठ्या ती गरागरा फिरवतोय! घराघरातली पोरं टीव्हीला खिळली. मला विचाराल, तर खरी जादू मारच्या गिटारची. लांबलचक सोलो वाजवून भाव खाणं त्याला मंजूरच नव्हतं. तो एकावर एक सूर रचत जायचा आणि त्या लखलखत्या सुरांवर मॉरिसी एकटेपणाचं, बेकारीचं, शाळेतल्या छड्यांचं गाणं गायचा. तेही चक्क विनोद करत.

पाच वर्षांत चार स्टुडिओ अल्बम. दुसरा, 'मीट इज मर्डर', १९८५मध्ये ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. बाकीचे तिन्ही दुसऱ्या.

आणि एवढ्या मोठ्या कारभाराला मॅनेजर? सुरुवातीला जो मॉस नावाचा भला माणूस होता. १९८३च्या अखेरीस तो बाजूला झाला, त्यानंतर कुणी टिकलाच नाही. चाली बांधायच्या, रेकॉर्डिंग सांभाळायचं, वर भाड्याच्या व्हॅनचं बिल कुणी भरायचं तेही बघायचं, हे सगळं विशी-बाविशीतल्या मारच्या डोक्यावर. रफ ट्रेड या त्यांच्या छोट्या रेकॉर्ड कंपनीशी वाद झाला आणि तिसरा अल्बम, 'द क्वीन इज डेड', तयार होऊनही कित्येक महिने अडकून पडला. बाहेर आला जून १९८६मध्ये. त्याच वर्षी हेरॉइनच्या नादापायी रूर्कला काढलं आणि थोड्याच दिवसांत परत घेतलं.

१९८७मध्ये चौथा अल्बम संपवून मार पार थकला होता. त्याला सुट्टी हवी होती. बाकीच्यांना पुढचं रेकॉर्डिंग. त्यात मॉरिसीने साठच्या दशकातली पॉप गायिका सिला ब्लॅक हिचं एक जुनं गाणं करायचा हट्ट धरला. मार वैतागला. सिला ब्लॅकची गाणी म्हणायला मी बँड काढला नव्हता, असं त्याने नंतर सांगितलं. उन्हाळ्यात तो बाहेर पडला. सप्टेंबरमध्ये अल्बम दुकानांत आला, तेव्हा बँड उरलाच नव्हता.

खरी भानगड पुढे कोर्टात उघडी पडली. रफ ट्रेडच्या करारावर सह्या होत्या फक्त मॉरिसी आणि मार यांच्या. रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या कमाईतले ४०-४० टक्के त्या दोघांना, रूर्क आणि जॉइसला १०-१०. गाणी लिहिण्याचे पैसे वेगळेच. ते त्या दोघांचे, याबद्दल वाद नव्हता. पण हे १० टक्के ठरले कधी, कुणासमोर? कागद नाही. जॉइसने दावा ठोकला. त्याच्या वकिलांनी ब्रिटनचा १८९०चा भागीदारी कायदा पुढे केला: वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफ्यात सगळे समान वाटेकरी. आपल्या १९३२च्या भागीदारी कायद्यातही हीच तरतूद आहे, बरं का. डिसेंबर १९९६मध्ये निकाल लागला. जॉइसला २५ टक्के, म्हणजे थकबाकीचे सुमारे दहा लाख पौंड. वर न्यायाधीशांनी मॉरिसीला लबाड, उद्धट आणि बेभरवशाचा म्हटलं. मॉरिसी अपिलात गेला, तिथेही हरला.

रूर्कने मात्र १९८९मध्येच, पैशांची चणचण असताना, ८३ हजार पौंड आणि तेच १० टक्के घेऊन तडजोड केली होती. त्याला पुन्हा मागता आलं नाही. मे २०२३मध्ये तो गेला.

आता ऐकू या 'मीट इज मर्डर'मधलं 'बार्बरिझम बिगिन्स ॲट होम'. जवळजवळ सात मिनिटांचं आहे, पण गायकाला जरा बाजूला ठेवा आणि रूर्कच्या बासकडे कान द्या.