दार सरकण्याचा आवाज

(दृश्य: पहाट. जाळीपलीकडे धुकं. चितळांचा कळप, मागे एक नीलगाय.)

चितळाच्या मादीचा कान बघा. मान खाली, तोंड गवतात; एक कान पुढे, दुसरा आपल्या दिशेने वळलेला. आपण जाळीपाशी आलो, ते तिला केव्हाच कळलंय.

प्राणिसंग्रहालयात खूर असलेल्या प्राण्यांचं घर बांधायचं, तर या कानापासून सुरुवात करावी लागते.

पळणं हाच यांचा बचाव. हायनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की माणूस ठरावीक अंतराच्या आत आला की प्राणी पळतोच. म्हणून आवार किती एकरांचं आहे, एवढं विचारून भागत नाही. प्रेक्षक एका बाजूला उभे राहिले, तर प्राण्याला मागे सरायला जागा उरते का?

वेगवेगळ्या जातींना एकत्र ठेवण्याची कल्पना जुनी आहे. हाम्बुर्गजवळ स्टेलिंगनला प्राण्यांचे व्यापारी कार्ल हागेनबेक यांनी १९०७ मध्ये गजांऐवजी खंदक वापरून, वेगवेगळ्या जाती एकत्र दिसतील असे देखावे उभे केले. सॅन दिएगोच्या सफारी पार्कमध्ये १९७२ पासून गेंडे, जिराफ आणि कुरंग (अँटिलोप) मोठ्या मैदानांत एकत्र वावरतात. दिसायला फार सुरेख. पण त्या मैदानात सगळ्यात दुबळ्या प्राण्याला काय वाटत असेल, ते बघायला हवं.

(दृश्य: कुंपणाचा कोपरा.)

हा काटकोन सापळा ठरू शकतो. मस्तीवर आलेला नर मागे लागला, की कोपऱ्यात अडकलेल्या मादीला वाटच उरत नाही. म्हणून कुंपण वळणावर गोल घ्यावं, आणि आडोसा बांधला तर त्याला दोन्हीकडून वाट ठेवावी. गव्हाण एकच असली, तर नीलगाय खाते आणि काळवीट लांबून बघत राहतं. गव्हाणी दूर दूर हव्यात. एखादी अशीही हवी, की जिच्या उभ्या गजांमधून फक्त पाडसंच आत शिरतील.

नवी जाळी हरणाच्या चटकन लक्षात येत नाही. भेदरलं की ते सरळ तिच्यावर जाऊन आदळतं. म्हणून सुरुवातीला जाळीवर गोणपाट किंवा हिरवं कापड बांधायचं. हा काही रुपयांचा खर्च वाचवू नये.

शेजार निवडताना रोगही बघावे लागतात. लाळ्या खुरकूत आपल्याला माहीत आहे. पण मेंढीच्या अंगात एक विषाणू आयुष्यभर असतो, तिला त्याचं काही होत नाही. तोच बायसनच्या किंवा चीनमधल्या पेअर डेव्हिड हरणाच्या जिवावर बेततो. मुलांना बघायला मेंढ्यांचा वाडा कुठे ठेवायचा, हे म्हणूनच विचार करून ठरवावं.

खरी परीक्षा होते ती प्राण्याला धरायची वेळ येते तेव्हा. हरीण जीव तोडून धावलं, धडपडलं, की त्याच्या स्नायूंच्या पेशी फुटू लागतात. अंग तापतं, रक्तात आम्ल वाढतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. त्या वेळी ते उभं असतं, बरं दिसतं. काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. अंगावर जखम एकही नसते.

डेन्व्हरच्या प्राणिसंग्रहालयात १९९०च्या दशकात प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्याला आणि बोंगो या आफ्रिकी कुरंगांना पेटीत स्वतःहून शिरायला शिकवलं. आवडीचा खाऊ आत ठेवला. दार जरासं हलवायचं, कान ताठ झाले की थांबायचं, पुन्हा खाऊ. नुसत्या दाराच्या आवाजाची सवय व्हायला कित्येक दिवस लागले. शेवटी प्राणी पेटीत शांत उभा असताना त्याचं रक्त घेता आलं, आणि त्या रक्तात ताणाचं संप्रेरक फारसं वाढलेलं नव्हतं. मला हे वाचून भरून आलं होतं. त्या धीराला तोड नाही.

कान्हात १९७० साली बारशिंगे अवघे ६६ उरले होते. कळप सावरला, आणि २०१५ मध्ये त्यातले काही सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेले, ते आफ्रिकेतून आलेल्या बोमा पद्धतीने. नरसाळ्यासारखं आवार, तोंड रुंद, टोक निमुळतं होत ट्रकपर्यंत गेलेलं. बाजूच्या भिंतींतून पलीकडचं दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे हरीण धडक देत नाही. मोकळ्या दिसणाऱ्या वाटेने पुढे चालत जातं.

प्राणिसंग्रहालयाच्या मागच्या बाजूला अशीच एक बोळ हवी. भिंती भरीव, जमीन खरबरीत, खूर घसरणार नाही अशी. आणि ती प्राण्यांच्या रोजच्या वापरातली असावी. दाणा तिथेच मिळाला, तर डॉक्टर येतात त्या दिवशी ती बोळ परकी वाटत नाही.

(दृश्य: सरकतं दार. कीपरचे हात.)

दाराच्या रुळाला तेल दिलंय. लोखंडी कडीला सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, म्हणजे ती खणकन वाजत नाही.

आत चितळाची मादी पेंड खातेय. दार सरकतं.

कान वळतो. तोंड खालीच राहतं.