मराठी अक्षर मोडलं, तर बग कुणाकडे नोंदवायचा?

सोलापुरात यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात एकाच यादीत मराठी मजकूर, तेलुगू नावं आणि कन्नड पत्ते येऊ शकतात. अशी यादी लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस प्रोग्राममध्ये उघडली आणि ‘व्यापाऱ्यांची’ या शब्दातला अर्धा ऱ जाऊन तिथे रफार दिसला, की ‘लिनक्सवर मराठी नीट चालत नाही’ अशी तक्रार होते. पण एवढ्यावरून दुरुस्ती करणाऱ्याला काहीच हाती लागत नाही. अक्षर पडद्यावर येईपर्यंत आयबससारखी टंकलेखनाची सोय, मजकूर दाखवणारा प्रोग्राम (इथे लिब्रेऑफिस), जोडाक्षरं जुळवणारं हार्फबझ आणि फॉन्ट, एवढे सगळे कामाला लागलेले असतात. यातलं नेमकं कोण चुकलं हे शोधणं म्हणजे निम्म्याहून जास्त काम.

आधी मजकूर तपासा. अर्धा ऱ दोन प्रकारे साठवला जातो: यू+०९३१ (युनिकोडमधला ऱ चा कोड) आणि हलंत; किंवा साधा र म्हणजे यू+०९३०, हलंत यू+०९४डी, आणि पुढे न दिसणारा जोडक यू+२००डी. दिसायला दोन्ही सारखेच, पण एक प्रकार शोधला तर दुसरा सापडेलच असं नाही. मजकूर एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना तो जोडक गळला, की रफार होतो. फाइलची प्रत काढून रायटरमध्ये (लिब्रेऑफिसच्या लेखनाच्या भागात) अक्षराच्या लगेच नंतर कर्सर ठेवा आणि ऑल्ट-एक्स दाबा, कोड दिसतो. जोडक गळलेला असेल तर फॉन्टला दोष देऊ नका. यापुढे इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर शिफ्ट-जे, मग डी, मग य असं टाइप करा. यात जोडकाची गरजच पडत नाही.

कोड बरोबर असून अक्षर चुकत असेल, तर फॉन्ट बदला. लोहितमध्ये चुकतं आणि नोटोमध्ये बरोबर येतं, तर बग लोहितचा. सगळ्या फॉन्टमध्ये चुकत असेल, तर तोच शब्द फायरफॉक्समध्ये आणि केट या साध्या मजकुराच्या एडिटरमध्ये चिकटवून पाहा. फक्त रायटरमध्येच चुकत असेल, तर हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करा. तिथे बरोबर आलं, तर बहुधा तुमचं प्रोफाइल (साठवलेल्या सेटिंग्ज) किंवा एखादं एक्स्टेन्शन (वरून जोडलेली सोय) बिघडलंय.

तेलुगू नाव वेगळ्या वळणाचं दिसणं हा मात्र बग नव्हे. देवनागरी फॉन्टमध्ये तेलुगू अक्षरं नसली, की दुसरा फॉन्ट आपोआप घेतला जातो. त्याने ओळीची उंचीही बदलू शकते. तेलुगू मजकुराला स्वतः तेलुगू फॉन्ट लावून ठेवा.

आता नोंद. आधीच कुणी तोच बग नोंदवला आहे का ते शोधा. असेल तर तिथेच भर घाला. शीर्षकात कोडचा क्रम आणि फॉन्टचं नाव हवं. खाली ओळीने पायऱ्या, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. ‘अबाउट’ खिडकीतली आवृत्तीची माहिती जशीच्या तशी चिकटवा, फॉन्टची आवृत्तीही लिहा. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, कारण त्यातून कोड कळत नाहीत. एका ओळीची ओडीटी (रायटरची) फाइल जोडा. खरं बिल कधीही जोडू नका, जोडलेली फाइल कुणीही उघडू शकतो आणि त्यात गिऱ्हाइकाचा जीएसटी क्रमांक असतो.

नोंदीवर कुणी प्रश्न विचारला तर उत्तर द्याच. उत्तराविना नोंदी बंद केल्या जातात. नवी आवृत्ती आली की त्याच फाइलवर पुन्हा तपासा आणि बग टिकून असो वा गेलेला, तसं नोंदीखाली लिहा.