नवा पीसी जोडताय? विंडोज टाकण्याआधी रॅम तपासा

[टेबलावर मदरबोर्ड, शेजारी रॅमच्या दोन स्टिक]

नमस्कार. घरी जोडलेल्या पीसीत पॉवर सप्लाय गेला तर पंखेसुद्धा फिरत नाहीत, आणि प्रोसेसर मेला तर स्क्रीनवर काहीच येत नाही. रॅमचं तसं नाही. रॅम थोडीशी खराब असली तरी पीसी सुरू होतो, विंडोज उघडतं, व्हिडिओ चालतात. आणि मागच्या मागे तुमच्या एखाद्या फाइलमधला एक बिट ० चा १ होऊन डिस्कवर लिहिला जातो. महिन्याभराने एक झिप फाइल उघडत नाही, एका फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी दिसतो. तेव्हा संशय डिस्कवर जातो, विंडोजवर जातो, व्हायरसवर जातो. रॅमची आठवण सगळ्यात शेवटी होते.

आधी बसते काय ते बघू. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही स्टिकना २८८ पिना असतात, लांबीही तीच. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जात नाही. जात नसेल तर जोर लावू नका, खाच जुळत नाहीये. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या १२, १३ आणि १४व्या पिढीला दोन्ही चालतात, पण एका बोर्डावर बहुधा एकच प्रकार असतो. तिथे बोर्डाचं नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. एकाच नावाच्या दोन बोर्डांत एकाच्या शेपटीला ‘डी४’ लावलेलं असतं आणि दुसऱ्याला नसतं. सगळा फरक त्या शेपटीतच आहे.

दुसरा सापळा सर्व्हरमधून निघालेल्या जुन्या स्वस्त रॅमचा. ती बहुतेक वेळा रजिस्टर्ड असते, म्हणजे आरडीआयएमएम. डीडीआर४ची रजिस्टर्ड स्टिक घरच्या बोर्डात अगदी नीट बसते, ‘टक’ आवाजसुद्धा येतो, आणि पीसी सुरू होत नाही. बिघाड काहीच नसतो. घरच्या प्रोसेसरला ती भाषाच येत नाही. आपल्याला हवी ती साधी, म्हणजे यूडीआयएमएम. डीडीआर५मध्ये या दोन प्रकारांच्या खाचाही वेगळ्या केल्या, ते फार बरं झालं.

[खोक्यावरचा आकडा जवळून]

आता सगळ्यात मोठा गैरसमज. खोक्यावर ‘६०००’ लिहिलंय. हे मेगाहर्ट्झ नाहीत, सेकंदाला इतके दशलक्ष ट्रान्सफर. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोन ट्रान्सफर होतात, म्हणून सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ३००० दिसलं तर घाबरू नका, रॅम पूर्ण वेगाने चालली आहे.

पण हा वेग तुम्हाला आपोआप मिळत नाही. स्टिकवर एक छोटी चिप असते, तिच्यात जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या नियमातले वेग लिहिलेले असतात. पहिल्यांदा चालू केल्यावर बोर्ड त्यातलाच वेग घेतो, डीडीआर५ असेल तर बऱ्याचदा ४८००. खोक्यावरचे ६००० हे एक्सएमपी (इंटेलचं) किंवा एक्सपो (एएमडीचं) प्रोफाइलमधले असतात, आणि ते प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकिंग, ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. हे सगळ्यांनी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही. रॅम बनवणाऱ्याने आपल्या चिप त्या वेगाला तपासलेल्या असतात. पण रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर तुमच्या प्रोसेसरच्या आत आहे, आणि त्याने तसं वचन दिलेलं नाही. एएमडीच्या रायझेन ७००० प्रोसेसरची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२००, रायझेन ९०००ची ५६००. त्यापुढचं सगळं तुमच्या हातातला प्रोसेसर कसा निघाला त्यावर. एकाच मॉडेलचे दोन प्रोसेसर, एकावर ६४०० वर्षभर बिनतक्रार, दुसऱ्यावर दहा मिनिटांत निळा स्क्रीन, असं होऊ शकतं.

मग ६००० घेऊच नये का? घ्या. एएम५वर ६००० बहुतेक प्रोसेसरना झेपतं. फक्त ते ‘चालेल’ असं धरून चालू नका, चालतंय हे सिद्ध करा. सीएलचा आकडाही, म्हणजे मागितलेला डेटा यायला घड्याळाचे किती ठोके लागतात तो, वेगासोबतच वाचा. सीएलला २०००ने गुणा आणि वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. डीडीआर४ ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर५ ६००० सीएल३० म्हणजेही १०. डीडीआर५ ४८०० सीएल४० म्हणजे साधारण १६.७.

आता किती स्टिक? दोन. चार स्लॉट दिसतात म्हणून चार भरायचा मोह होतो, पण डीडीआर५मध्ये त्याची किंमत मोठी आहे. तोच रायझेन ७०००, जो दोन स्टिकला ५२०० म्हणतो, चार स्टिक लावल्या की अधिकृतपणे ३६००वर येतो. ६४ जीबी हवी असेल तर १६च्या चार घेऊ नका, ३२च्या दोन घ्या. पुढे लागेल असं वाटत असेल तर आत्ताच मोठी जोडी घ्या, कारण ‘नंतर अजून दोन टाकू’ हा बेत डीडीआर५वर बहुतेक वेळा फसतो.

[बोर्डावर बोट ठेवून स्लॉट दाखवणे]

आणि त्या दोन स्टिक कुठे? प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट. बोर्डावर ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. बहुतेक घरगुती बोर्डांवर तारा प्रोसेसरकडून निघतात, पहिल्या स्लॉटला स्पर्श करून पुढे जातात आणि दुसऱ्यावर संपतात. स्टिक शेवटच्या टोकाला असेल तर सिग्नल तिथेच शोषला जातो. ती अलीकडच्या स्लॉटमध्ये लावली तर पुढची तार मोकळी लोंबत राहते, सिग्नल तिच्या टोकावर आपटून परत येतो आणि पुढच्या सिग्नलमध्ये मिसळतो. कमी वेगाला हे खपून जातं. ६०००ला खपत नाही.

किट, म्हणजे एकाच खोक्यातल्या स्टिक, मिसळणं हा विषय लोक फार हलक्यात घेतात. आधीचं १६ च्या दोनचं किट आहे, त्याच कंपनीचं, तेच मॉडेल, तोच वेग, आणखी एक आणलं, मग काय अडचण? अडचण अशी की रॅम विकणाऱ्या बहुतेक कंपन्या चिप स्वतः बनवत नाहीत. त्या मुख्यतः सॅमसंग, मायक्रॉन आणि एसके हायनिक्स बनवतात. एकाच मॉडेल नंबरखाली सहा महिन्यांनी वेगळ्या कारखान्याची चिप येऊ शकते. खोक्यावर चार टायमिंग (कोणत्या कामाला किती ठोके थांबायचं ते आकडे) छापलेले असतात, पण बोर्डाला त्याशिवाय डझनभर टायमिंग ठरवावे लागतात, आणि दोन जातींच्या चिपना वेगवेगळे हवे असतात. म्हणून एकत्र विकलेलं, एकत्र तपासलेलं एकच किट घ्या.

बोर्डाच्या वेबसाइटवर क्यूव्हीएल नावाची यादी असते, तपासलेल्या रॅमची. ती बघा, पण शेवटच्या रकान्यांसकट बघा. कोणता प्रोसेसर लावून तपासलं आणि किती स्टिकना, ते तिथेच लिहिलेलं असतं. यादीत नसलेली रॅम चालत नाही असा अर्थ नाही, ती फक्त त्यांनी तपासलेली नाही. २४ किंवा ४८ जीबीची स्टिक घेतली असेल तर आधी बायोस (पीसी सुरू करणारं, बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. ही मापं २०२३मध्ये बाजारात आली, त्याआधीचं बायोस त्यांना ओळखेलच असं नाही. आणि मोठा एअर कूलर असेल तर उंची मोजा. साधी स्टिक साधारण ३१ मिलिमीटर, दिव्यांची ४०च्या पुढे.

बसवताना वीज बंद, केबल काढलेली, पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेला चार्ज घालवा, केसच्या धातूला हात लावा. खाच जुळवून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्या. बऱ्याच बोर्डांवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरं टोक अर्धवट राहिलं तरी कळत नाही. सोनेरी पट्टी दोन्हीकडे सारखीच दिसली पाहिजे.

आता चालू करा आणि हात मागे घ्या. डीडीआर५मध्ये पहिल्यांदा बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रत्येक तारेवर सिग्नल नेमका कधी वाचायचा ते शोधतो. स्क्रीन काळा, ‘डीरॅम’ लिहिलेला दिवा पेटलेला, आणि काहीच हालचाल नाही. हे कित्येक मिनिटं चालू शकतं, जास्त रॅम असेल तर आणखी. याच वेळी लोक घाबरून बटण दाबतात, पीसी बंद करतात आणि ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतरही दिवा तसाच असेल तर एकच स्टिक ए२मध्ये ठेवून बघा, मग सीमॉस क्लिअर करा, म्हणजे बायोसच्या सेटिंग पुसून मूळ पदावर आणा.

स्क्रीन आला की लगेच विंडोज टाकू नका, आणि एक्सपो तर मुळीच चालू करू नका. आधी मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या, त्यावरून पीसी सुरू करा, सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सेटिंग) अडवत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा, आणि मूळ वेगावरच चार फेऱ्या होऊ द्या. ३२ जीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा. सकाळी एक जरी चूक दिसली तरी नापास. ‘चार फेऱ्यांत एकच आली’ हा दिलासा नाही, मेमटेस्टचा पास गुण शून्य चुका एवढाच आहे. विंडोजसोबत येणारी मेमरी डायग्नोस्टिक बऱ्याच चुका सोडून देते, तिच्या ‘सर्व ठीक’वर विसंबू नका.

इथे पास झालं की विंडोज टाका. मग बायोसमध्ये प्रोफाइल चालू करा, मेमटेस्ट पुन्हा, आणि त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी यांपैकी एक चाचणी. मेमटेस्ट आणि विंडोजमधली चाचणी, दोन्ही का? मेमटेस्टमध्ये प्रोसेसर निवांत असतो आणि ग्राफिक्स कार्ड थंड. खरा त्रास उष्णतेत होतो. मेमरीची पेशी म्हणजे गळका कपॅसिटर, तिला सतत ताजं करावं लागतं, आणि तापल्यावर ती आणखी जोरात गळते. ८५ अंशांपुढे दुप्पट वेळा ताजं करायचं, असं मानकातच आहे. ग्राफिक्स कार्डची गरम हवा थेट स्टिकवर येते. फक्त गेम खेळताना अर्ध्या तासाने पीसी कोसळत असेल तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्टिकचं तापमान बघा, डीडीआर५ स्टिकमध्ये सेन्सर असतो.

चूक आली तर क्रमाने शोधायचं. प्रोफाइल बंद केल्यावर चूक गेली? मग स्टिक बहुधा चांगली आहे, जुगाड फक्त वेगाचं फसलं. ६०००चे ५६०० करा आणि पुन्हा तपासा. रोजच्या कामात हा फरक जाणवणार नाही. व्होल्टेज वाढवायचं असेल तर मर्यादा लक्षात ठेवा. २०२३मध्ये रायझेन ७०००चे, विशेषतः नावात एक्स३डी असलेले, काही प्रोसेसर जळाले, तेव्हा एएमडीने एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३ व्होल्टवर बांधून टाकलं. त्या काळाआधीचं बायोस असेल तर ते बदलल्याशिवाय एक्सपोला हातही लावू नका.

प्रोफाइल बंद असतानाही चूक येते? एक स्टिक काढा, दुसरी ए२मध्ये तपासा, मग अदलाबदल करा. चूक स्टिकच्या मागे फिरली तर स्टिक खराब, आणि बदलून घेताना पूर्ण किट बदलून मागा. चूक स्लॉटजवळच राहिली, किंवा एक चॅनल (मेमरीच्या दोन वाटांपैकी एक) दिसतच नसेल, तर लगेच बोर्डाला दोष देऊ नका. कूलर काढा. एका कोपऱ्याचा स्क्रू जास्त आवळला गेला तर प्रोसेसर सॉकेटवर तिरका दाबला जातो आणि मेमरीच्या काही पिना नीट टेकत नाहीत. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. सॉकेटमधली वाकलेली पिनही हेच करते.

[कॅमेऱ्याकडे]

ईसीसीबद्दल, म्हणजे स्वतःची चूक ओळखून दुरुस्त करणाऱ्या मेमरीबद्दल. ‘डीडीआर५मध्ये ईसीसी आहेच’ हे अर्धवट खरं आहे. चिपच्या आत १२८ बिटांना ८ तपासणीचे बिट असतात आणि आतली एका बिटाची चूक तिथेच दुरुस्त होते. पण चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना झालेली चूक त्याला दिसत नाही, आणि दुरुस्ती झाल्याचं तुम्हाला कळतही नाही. खऱ्या ईसीसी स्टिकवर जादा चिप असतात आणि तपासणी प्रोसेसर करतो. २००९मध्ये गुगलच्या सर्व्हरवरचा एक मोठा अभ्यास आला, त्यात वर्षभरात सुमारे ८ टक्के स्टिकमध्ये दुरुस्त करता येणारी निदान एक चूक दिसली. आणि बहुतेक चुका अवकाशातून आलेल्या कणांसारख्या योगायोगाच्या नव्हत्या, त्याच त्या स्टिक पुन्हा पुन्हा चुकत होत्या. घरच्या फोटोंचा सर्व्हर बांधत असाल तर ईसीसी घ्याच. बऱ्याच रायझेनना ती चालते, मात्र बोर्डाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं हवं. इंटेलच्या १२ ते १४व्या पिढीला डब्ल्यू६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. पीसी सुरू झाला म्हणजे ईसीसी चालू झाली असं नाही, लिनक्समध्ये एडॅक हा मेमरीच्या चुका नोंदवणारा भाग तिची नोंद दाखवतोय का ते बघा.

शेवटचं, आणि हे ज्यांचा पीसी आधीच चालू आहे त्यांच्यासाठी. आज टेस्ट लावली आणि चूक सापडली, तर पहिलं काम म्हणजे आपोआप होणारा बॅकअप थांबवणं. त्या रॅमवरून गेलेली प्रत्येक फाइल आता संशयित आहे, आणि जुन्या चांगल्या बॅकअपवर ती चढली तर चांगली प्रत कायमची गेली. रॅम बदला, मेमटेस्ट स्वच्छ येऊ द्या, विंडोज नव्याने टाका, आणि मग जुन्या बॅकअपमधल्या फाइली सध्याच्या फाइलींशी ताडून बघा. जिथे तारीख तीच पण आतला मजकूर वेगळा, तिथे जुनी प्रत ठेवा.