घारापुरीचं लेणं: छताकडून जमिनीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईजवळच्या घारापुरी बेटाला, म्हणजे एलिफंटाला, जाऊन आलेली माणसं त्रिमूर्तीबद्दल भरभरून बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या मूर्तीपर्यंत पोचण्याआधी डोक्यावर जे छत असतं, त्याच्याकडे फार कमी जण मान वर करून बघतात. या लेण्यात सगळ्यात आधी तयार झालं ते छत, आणि सगळ्यात शेवटी तयार झाली ती आपण ज्याच्यावर उभे असतो ती जमीन. आज मी हे लेणं त्याच क्रमानं, म्हणजे वरून खाली, तुमच्यासमोर मांडणार आहे.

सुरुवात कातळापासून. दख्खनचा हा काळा पत्थर, बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. हे थर सारखे नसतात. काही जाड, घट्ट आणि एकसंध असतात, काही पोकळ्यांनी भरलेले असतात, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. लेणं कोरायचं तर एकसंध थराची जाडी छतापासून जमिनीपर्यंत पुरली पाहिजे, शिवाय छताच्या वरही भक्कम कातळ उरला पाहिजे. तांबडा पट्टा खांबाच्या मधोमध आला, तर खांब तिथेच झिजणार. उभी भेग छतात आली, तर दर पावसाळ्यात तिथून पाणी गळणार. पाथरवट आजही दगडावर हातोडी मारून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर दगड निरोगी, बद्द वाजला तर आत पोकळी किंवा भेग. घारापुरीचा बेसॉल्ट या परीक्षेत बराचसा उतरला. आपल्या मुंबईतच जोगेश्वरीचं लेणं आहे, घारापुरीच्या थोडं आधीचं, पूर्व-पश्चिम लांबच लांब पसरलेलं. त्याचा दगड ज्वालामुखीच्या तुकड्यांचा बनलेला, ठिसूळ. कोरायला तो सोपा गेला असेल, पण तिथल्या मूर्तींचे चेहरे आज ओळखू येत नाहीत. डोंगर निवडला तेव्हाच पुढच्या दीड हजार वर्षांचं बरंचसं ठरून गेलं होतं.

आता प्रत्यक्ष काम. आधी डोंगराचा उतार तासून उभी भिंत करायची. त्या भिंतीवर दर्शनी भागाची आखणी. मग छत जिथे हवं त्या उंचीवर, माणूस वावरेल एवढा बोगदा आत घ्यायचा आणि तो बाजूंना वाढवत न्यायचा. बोगद्याच्या वरच्या अंगाला छत तिथल्या तिथे पूर्ण करून टाकायचं, कारण कामगार ज्या कातळावर उभा आहे तो पुढे खाली जाणार. एकदा तो खाली गेला, की छताला हात लावायला परांची बांधावी लागेल. हा क्रम पाळला तर परांचीची गरजच पडत नाही. पायाखालचा डोंगर हीच परांची. मग खाली उतरताना समांतर चर खणायचे, दोन चरांच्या मधला वरंबा पहारीनं आणि घणानं फोडायचा, आणि पुन्हा पुढचे चर. हे अंदाजानं सांगत नाही. अजिंठ्याच्या अर्धवट सोडलेल्या लेण्यांत हे चर आणि वरंबे आजही जसेच्या तसे आहेत.

हत्यारं साधी: लोखंडी छिन्नी, टाकी, हातोडा, घण, पहार. बेसॉल्टवर छिन्नीचं टोक फार लवकर बोथट होतं. म्हणून कोरणाऱ्यांच्या जवळच लोहाराची भट्टी हवी, भाता हवा, कोळसा हवा. टोक तापवून ठोकायचं आणि त्याला पाणी द्यायचं, म्हणजे तापलेलं टोक पाण्यात बुडवून कडक करायचं. पाणी कमी बसलं तर टोक वाकतं, जास्त बसलं तर टवका उडून छिन्नी वाया जाते. लेण्याचा वेग कोरणाऱ्याच्या दंडाइतकाच या लोहाराच्या हातावर अवलंबून होता, आणि त्याची आठवण कुणी ठेवत नाही याचं मला वाईट वाटतं.

एवढा दगड काढला कसा, असा प्रश्न नेहमी येतो आणि त्याला जोडून अद्भुत शक्तींच्या गोष्टी येतात. आपण साधा हिशेब करू. मोठं लेणं उत्तर-दक्षिण सुमारे ३९ मीटर आहे, पूर्व-पश्चिमही साधारण तेवढंच, पण कोपरे कातळातच सोडलेले. मोकळी जागा ढोबळ मानानं १,००० चौरस मीटर धरू आणि उंची ५ मीटर. म्हणजे ५,००० घनमीटर दगड, वजन १४,००० टनांच्या आसपास. एका माणसानं दिवसाला घनमीटरचा विसावा भाग, म्हणजे सुमारे १४० किलो दगड फोडला असं धरलं, तर एक लाख माणूस-दिवस होतात. ५० माणसं, वर्षातले २७० दिवस काम: सात-साडेसात वर्षं. बारीक कोरीवकामाचा वेळ यात नाही. संख्या मोठी आहे, पण माणसांच्या आवाक्यातली आहे. खरी अडचण वेगळीच होती. फोडलेला दगड दीडपट जागा व्यापतो. साडेसात हजार घनमीटर खडी टोपल्यांतून बाहेर नेऊन उतारावर टाकायची, आणि तीही त्याच तोंडातून, जिथे कोरणारे बसलेले आहेत. बोगद्यात एका वेळी किती माणसं घालायची हे पैशावर ठरत नव्हतं, जागेवर ठरत होतं.

खांबांकडे वळू. मोठ्या मंडपात मुळात २६ सुटे खांब आणि भिंतीला चिकटलेले १६ अर्धस्तंभ. खालचा अर्धा भाग चौकोनी, सरळ. वर गोल, उभ्या पन्हळींचा आखूड दांडा. त्यावर चेपलेल्या आमलकासारखं, म्हणजे आवळ्याच्या आकाराच्या चकतीसारखं शीर्ष. आणि वर तुळईला टेकलेले हस्त, म्हणजे आधाराचे बाहू. आधी चौकोनी ठोकळा गरजेपेक्षा जाड सोडायचा, मग त्याचे आठ पैलू, त्यांचे सोळा, असं करत गोलाकडे जायचं. जाडी राखून ठेवली नाही तर एक टवका चुकीचा उडाला की खांब बाद. बांधलेल्या देवळात खांब बदलता येतो, इथे तो डोंगराचाच भाग आहे.

पण गंमत बघा. १९व्या शतकातल्या पाहणीत या खांबांपैकी आठ मोडलेले होते, तरी छत कोसळलं नव्हतं. छत म्हणजे सुट्या शिळा नाहीत, एकच अखंड कातळ आहे. तो आपलं वजन कमानीसारखं बाजूच्या कातळाकडे आणि उरलेल्या खांबांकडे ढकलतो. छतातल्या तुळयाही खऱ्या तुळया नव्हेत, बांधीव देवळाचं रूप यावं म्हणून कोरलेल्या आहेत. मोडलेले खांब पुढे नव्यानं उभे केले. त्यांचा एकसुरी पृष्ठभाग आणि शेजारच्या खांबावरचे टाकीचे घाव नीट पाहिले तर जुने-नवे सहज वेगळे करता येतात.

आता या लेण्याबद्दलची मला सर्वात प्रिय गोष्ट. ते वाकडं आहे. खांबांच्या रांगा अगदी सरळ नाहीत, खांब एका मापाचे नाहीत, त्यांची उंची सुमारे ४.६ मीटरपासून ५.३ मीटरपर्यंत बदलते. लेणं उत्तर, पूर्व आणि पश्चिम अशा तीन बाजूंनी उघडं आहे. माझ्या मते काम एकापेक्षा जास्त तोंडांतून आत आलं आणि आतल्या अंधारात, दिवट्यांच्या उजेडात मापं एकमेकांना भेटली. बाहेर आपण सूत ताणून दोन टोकं एकदम पाहू शकतो. इथे दोन टोकांच्या मध्ये फोडायचा डोंगर उभा. तळहाताएवढी चूक तर होणारच. ती झाली आणि तरीही कुठल्याही मोठ्या शिल्पाचा तोल बिघडला नाही, याचं आश्चर्य मला दगडाच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त वाटतं.

कारण शिल्पांची जागा आधीच ठरवावी लागते. दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव सुमारे साडेपाच मीटर उंच, खोल कोनाड्यात छातीपर्यंत दाखवलेला. त्याला आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा-विष्णू-महेश समजतो, पण तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं शांत तत्पुरुष, आपल्या डावीकडचं उग्र अघोर, उजवीकडचं कोमल वामदेव. चौथं मुख मागच्या कातळात आणि पाचवं वर, दोन्ही न दिसणारी. या मूर्तीचा कातळ खोदकामाच्या पहिल्या दिवसापासून राखून ठेवलेला असणार. मुकुट आधी आला, छाती शेवटी. मुकुट कोरताना खालच्या ओठाची जागा मनात पक्की हवी, कारण मुकुट मागे सरकवता येत नाही.

पश्चिमेकडचं गर्भगृहही असंच राखलेलं. मंडपात चौकोनी कातळ उभा सोडला, चारही बाजूंनी दारं पाडून आतून पोकळ केला, आणि प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल कोरले. आतलं लिंग मात्र वेगळ्या, अधिक बारीक कणांच्या दगडाचं आहे, बाहेर घडवून आणून बसवलेलं. या लेण्याला दोन अक्ष आहेत. पूर्वेकडून आलात तर समोर लिंग, उत्तरेकडून आलात तर समोर सदाशिव. आज सगळे उत्तरेकडून येतात, म्हणून लिंग बाजूला पडल्यासारखं वाटतं. पूर्वेच्या अंगणात जाऊन पुन्हा आत या, म्हणजे देवळाची मूळ पूजेची दिशा कळेल.

राहिलं ते खरं रहस्य: हे कुणी करवलं? शैलीवरून काळ सहाव्या शतकाच्या मध्याचा मानतात. बेटावर कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाची नाणी मिळाली आहेत, म्हणून अनेक अभ्यासक कलचुरींकडे बोट दाखवतात. काही जण कोकणच्या मौर्य घराण्याचं नाव घेतात. इथे एक शिलालेख होता. पोर्तुगिजांनी तो १६व्या शतकात आपल्या राजाकडे पाठवला, तिथे कुणाला तो वाचता आला नाही आणि नंतर तो हरवला, असं त्यांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. ज्या दगडी हत्तीवरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला. त्याचे तुकडे जोडून तो भायखळ्याला, राणीच्या बागेतल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी उभा केला आहे.

शिल्पांची खालची अंगं वरच्यांपेक्षा जास्त का झिजली, हेही सांगतो. माणसांचे हात आणि घाव तिथपर्यंत पोचले, हे एक. दुसरं म्हणजे ओल. पावसात जमिनीवर पाणी येतं, खाऱ्या हवेतलं मीठ दगडात शिरतं, उन्हाळ्यात ते सुकून त्याचे स्फटिक फुगतात आणि पापुद्रा सुटतो. म्हणून मूर्तींना हात लावू नका. हाताचा घाम आणि तेल त्यात भरच घालतात.

गेटवेहून लाँच तासाभरात पोचते. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँच सुटत नाहीत, तेव्हा आधी चौकशी करा. धक्क्यापासून पायऱ्यांची चढण आहे, पाणी बरोबर घ्या. सकाळच्या पहिल्या लाँचनं गेलात तर पूर्वेच्या अंगणातून येणारा उजेड मिळेल. उत्तरेकडून आत शिरल्यावर उजवीकडे नटराज, डावीकडे योगीश्वर, म्हणजे ध्यानस्थ शिव; तिथे चार-पाच मिनिटं थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि आधी छत बघा. मोठं लेणं झालं की परत फिरू नका. त्याच डोंगराला वळसा घालून पुढे गेलात तर लहान लेणी लागतात, काही मोडकी, काही अर्धवट. तिथल्या न गुळगुळीत केलेल्या भिंतींवर छिन्नीचे तिरपे, समांतर ओरखडे शोधा. कुठल्या बाजूनं घाव बसला आणि काम कुठे थांबलं, ते त्यावरून ओळखता येतं.

नमस्कार.